बिनतारी यंत्रांचा शेजारधर्म

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत संस्थेच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या या मालेत संतवाङ्मय झाले, सहकारी चळवळ झाली, आहारशास्त्र झाले. आता शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईने वायफायवर बोलावे असे चिटणीसांनी ठरवले, तेव्हा काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण या विषयाचा संबंध आपल्या संस्थेच्या तिजोरीशी आहे आणि त्याहून अधिक वसतिगृहातील मुलांच्या अभ्यासाशी आहे. संध्याकाळी सात ते दहा या वेळात अभ्यासिकेतील वायफाय असून नसल्यासारखे होते. मोबाइलवर सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, पण सराव परीक्षेचे पान उघडता उघडत नाही. प्रवेशाचा अर्ज निम्मा भरून होतो आणि चाक गरगर फिरत राहते. खानापूरकडच्या रानातल्या गावांतून आलेली ही मुले. त्यांच्या मोबाइलमधला महिन्याचा डेटा बेताचाच असतो. अभ्यासिकेतले फुकट वायफाय हाच त्यांचा आधार.

एका उदार गृहस्थांनी यावर उपाय म्हणून "भरपूर ताकदीची" नवी यंत्रे घेण्यासाठी रक्कम देऊ केली आहे आणि तो विषय कार्यकारी मंडळापुढे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. ती यंत्रे घेऊ नयेत. देणगी मात्र अवश्य घ्यावी. तिचे काय करावे ते पुढे येईलच.

बिनतारी संदेशवहनाचा जन्म झाला आणि पाठोपाठ त्यातले भांडणही जन्मले. १८९५ च्या सुमारास आपल्या जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली, तेव्हा आकाश मोकळे होते. सहाच वर्षांनी, १९०१ साली, न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात अमेरिका चषकाची शिडाच्या नौकांची शर्यत झाली. बातमी सर्वांत आधी किनाऱ्यावर पोचवण्याची अहमहमिका लागली. मार्कोनीची मंडळी एका वृत्तसंस्थेसाठी, ली डी फॉरेस्टची दुसरीसाठी आणि शिवाय तिसरी एक कंपनी, असे तिघे बोटींवरून बिनतारी संदेश पाठवू लागले. त्या काळची यंत्रे ठिणगीची. ठिणगी म्हणजे एक सूर धरून गाणे नव्हे, तर सगळ्या सप्तकांत एकदम किंचाळणे. परिणाम असा झाला की तिघांचेही संदेश एकमेकांत कालवले गेले आणि किनाऱ्यावर कोणालाच धड काही वाचता येईना.

यापेक्षा गंभीर प्रसंग १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीचा. 'कॅलिफोर्नियन' ही बोट बर्फामुळे अटलांटिकमध्ये थांबून राहिली होती. तिच्यावरच्या बिनतारीवाल्याने जवळून जाणाऱ्या 'टायटॅनिक'ला तसे कळवायला सुरुवात केली. टायटॅनिकवरचा माणूस त्या वेळी केप रेस येथील किनाऱ्यावरच्या केंद्राशी प्रवाशांच्या तारांचे काम करीत होता. जवळच्या बोटीचा आवाज त्याच्या कानात एवढ्या जोराने शिरला की केप रेसचा क्षीण आवाज त्याखाली बुडाला. त्याने त्रासून त्याला गप्प राहायला सांगितले. तो गप्प राहिला आणि थोड्या वेळाने यंत्र बंद करून झोपी गेला. पुढे काही मिनिटांतच टायटॅनिक हिमनगावर आदळले, तेव्हा त्याच्या हाका ऐकायला कॅलिफोर्नियनवर कोणी जागे नव्हते. दोष कोणाचा यावर पुस्तकेच्या पुस्तके लिहिली गेली आहेत. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की दूरचा अशक्त आवाज ऐकणाऱ्याच्या कानाशी कोणी जवळून मोठ्याने बोलले, की दोघांचेही काम बिघडते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने कायदा केला आणि पुढे जगभर एकच तोडगा रूढ झाला. लहरींचे पट्टे पाडायचे आणि प्रत्येक पट्ट्याचा सातबारा कोणाच्या तरी नावे करायचा. हा आकाशवाणीचा, हा पोलिसांचा, हा विमानांचा. आपल्याकडे १९३३ च्या कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणे गुन्हा ठरले. घरी नुसता रेडिओ ऐकायचा तरी पोस्टातून लायसन्स काढावे लागे, हे सभागृहातल्या पुष्कळांना आठवत असेल.

मग वायफाय कोणाच्या जमिनीवर उभे आहे? तर गावाच्या गायरानावर. १९४७ साली अटलांटिक सिटी येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा तुकडा संदेशासाठी नव्हे, तर कारखान्यांतल्या आणि दवाखान्यांतल्या लहरी-यंत्रांसाठी सोडण्यात आला. अन्न तापवणारी मायक्रोवेव्ह भट्टी याच तुकड्यात चालते. तिथे संदेश पाठवणाऱ्याने गोंगाट मुकाट्याने सोसावा, असा नियम. म्हणजे जवळजवळ टाकाऊ जमीन. १९८५ साली अमेरिकेने अशा तुकड्यांत विनापरवाना संदेश पाठवण्याची मुभा दिली, १९९७ साली वायफायचा पहिला मानदंड ठरला आणि भारत सरकारने जानेवारी २००५ मध्ये २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त केला. त्या नियमातली भाषा लक्षात ठेवण्यासारखी आहे. इतरांना व्यत्यय आणायचा नाही, आपल्याला व्यत्यय आला तर संरक्षण मागायचे नाही आणि सगळ्यांनी सामाईक वापरायचे. तेव्हा शेजाऱ्याच्या वायफायमुळे आमचे बंद पडते, अशी फिर्याद घेऊन कचेरीत जाण्याची सोय नाही. जे काही करायचे ते आपसांतच.

हा पट्टा आहे तरी केवढा? अवघा ८३.५ मेगाहर्ट्झ. त्यात वायफाय आहे, कानातले ब्लूटूथ आहे, बिनतारी माऊस आहे, झिगबीचे दिवे आणि दाराच्या सूचना देणारी यंत्रे आहेत, शिवाय ती भट्टी. एवढ्या गर्दीत काहीही चालते हेच नवल म्हटले पाहिजे. ते कसे चालते हे समजले की बिघाड कुठे आहे हे आपोआप समजेल.

वायफायच्या यंत्राला लावलेली पहिली शिस्त म्हणजे बोलण्याआधी ऐकणे. कोणी बोलत असेल तर थांबायचे. तो थांबला की लगेच तोंड उघडायचे नाही, कारण वाट पाहणारे आणखीही असतील आणि सगळे एकदम बोलतील. म्हणून प्रत्येकाने मनाशी एक चिठ्ठी काढायची. पहिल्या खेपेस ० ते १५ मधली. जो आकडा येईल तितके क्षण मोजायचे. क्षणही कसला, तर सेकंदाचे दहा लाख भाग केल्यास त्यांतले नऊ. ज्याचा आकडा लहान, तो आधी बोलतो. इतके करूनही टक्कर झालीच, तर दोघांनी चिठ्ठ्यांचा डबा मोठा करायचा, ० ते ३१, मग ० ते ६३, असे वाढत १०२३ पर्यंत. वर्गात मुलांना मी हे चिठ्ठ्या करून खेळायला लावते. मुले फार थोड्या वेळात शोधून काढतात की खेळणारे वाढले की बोलण्यापेक्षा थांबण्यातच वेळ जातो. अभ्यासिकेत संध्याकाळी सात वाजता होते ते हेच. यंत्र अशक्त नाही, ते रांगेत उभे आहे.

दुसरी गोष्ट क्रमांकांची. या पट्ट्यात आपल्याकडे वायफायला १ ते १३ असे क्रमांक आहेत, त्यांना चॅनेल म्हणतात. क्रमांक १ चे मध्य २४१२ वर, २ चे २४१७ वर, असे पाच-पाच मेगाहर्ट्झचे अंतर. परंतु प्रत्येकाला बसायला जागा लागते वीस मेगाहर्ट्झ. बाकावर खुणा पाच-पाच बोटांवर आणि बसणारा वीत-दीड वीत रुंद, असा हा मामला. म्हणून एकमेकांना कोपर न लागता बसू शकतात ते तीनच, १, ६ आणि ११.

इथे सुजाण माणसेही फसतात. १ वर गर्दी, ६ वर गर्दी, तर आपण मधला ३ किंवा ४ घ्यावा, असे त्यांना वाटते. हा हिशेब नेमका उलटा आहे. एकाच क्रमांकावरचे शेजारी एकमेकांचे शब्द ओळखतात, म्हणून एकमेकांना पाळी देतात. अर्धवट जागेवर बसलेल्याचे शब्द कोणालाच कळत नाहीत, नुसता गोंगाट कळतो. तो १ वाल्यांनाही त्रास देतो आणि ६ वाल्यांनाही, आणि स्वतःही दोन्हीकडून मार खातो. गर्दीच्या रांगेत शिस्तीने उभे राहणे परवडते, दोन रांगांच्या मध्ये घुसणे परवडत नाही.

शब्द ओळखण्याचा हा मुद्दा जरा खुलासेवार सांगते, कारण निरनिराळ्या जातींची बिनतारी यंत्रे एकत्र आली की सारा घोळ तिथेच होतो. आमच्या घरी दखनी, शाळेत मराठी, बाजारात कानडी. बेळगावकरांना हे नवे नाही. मी वाचत बसले असता शेजारच्या खोलीत कोणी ओळखीच्या भाषेत कुजबुजले तरी कान टवकारतात, अनोळखी भाषेतले बोलणे मात्र आरडाओरड होईपर्यंत जाणवत नाही. वायफायचे अगदी असेच आहे. दुसऱ्या वायफायची चाहूल त्याला फार क्षीण असली तरी लागते आणि ते थांबते. इतर कोणत्याही जातीच्या यंत्राचा आवाज मात्र त्याहून सुमारे शंभर पट जोराचा असल्याशिवाय ते थांबायला बांधील नाही. झिगबीचे यंत्र बोलते साधारण एक मिलिवॅटने, वायफाय त्याच्या शंभर पटींनी बोलू शकते. दुबळ्याचे म्हणणे ऐकूच येत नाही, मग त्याच्यासाठी थांबणार कोण? यावर तोडगा म्हणजे दुबळ्याला जागा राखून ठेवणे. झिगबीचे सोळा क्रमांक आहेत. त्यांतले १५ आणि २० हे वायफायच्या १, ६, ११ यांच्या मधल्या फटींत बसतात आणि २५ व २६ हे ११ च्या पलीकडे. वायफायवाल्यांनी १, ६, ११ चीच शिस्त पाळली तर या फटी मोकळ्या राहतात. एखाद्याने ३ किंवा ९ धरला की फट बुजली.

ब्लूटूथने वेगळीच युक्ती काढली. ते एका जागी बसतच नाही. पट्ट्याचे ७९ बारीक घर पाडून सेकंदाला १६०० वेळा घर बदलते. अशी उडीची कल्पना १९४२ साली हेडी लामार या चित्रपटतारकेने आणि जॉर्ज अँथेल या संगीतकाराने पाणतीराच्या नियंत्रणासाठी पेटंट केली होती, ही हकीकत मुलींना मी मुद्दाम सांगते. पण आंधळेपणाने उड्या मारणारा अधूनमधून वायफायच्या अंगावर पडणारच. म्हणून २००३ साली ब्लूटूथच्या नियमांत सुधारणा झाली. ज्या घरांत वारंवार धक्के बसतात ती घरे टिपून ठेवायची आणि ती वगळून बाकीच्यांतच उड्या मारायच्या, मात्र निदान वीस घरे तरी ठेवायची. तेव्हापासून ब्लूटूथ आणि वायफाय यांचा संसार बराच सुखाचा झाला. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाची सुधारणा हीच. तिने शेजाऱ्याला काही बदलायला सांगितले नाही, स्वतःची चाल बदलली.

भट्टीशी मात्र बोलणीच होऊ शकत नाहीत. ती ऐकतही नाही आणि थांबतही नाही. तिच्या दारातून निसटणारी लहर आरोग्याच्या दृष्टीने नगण्य असली तरी वायफायच्या हिशेबी प्रचंड असते. तरी घरगुती भट्टी आपल्या ५० आवर्तनांच्या विजेवर साधारण अर्धा वेळ चालू आणि अर्धा वेळ बंद असते, सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या खंडांनी. त्या खंडांत थोडेफार संदेश निसटतात. उपाय म्हणजे तिला यंत्रापासून दूर ठेवणे. अशीच आणखी एक छुपी त्रासदायक वस्तू म्हणजे निळ्या तोंडाचा जलद यूएसबी. त्याच्या तारेतून याच पट्ट्यात गोंगाट गळतो, हे इंटेल कंपनीने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणात दाखवले आहे. बिनतारी माऊसचे बटण त्याच्या शेजारी खोचले की माऊस अडखळतो आणि लोक बॅटरी बदलत बसतात.

आता ताकदीच्या यंत्रांकडे येते. गणेशोत्सवात दोन गल्ल्यांचे मंडप समोरासमोर आले की काय होते? यांनी कर्णा वाढवला की त्यांनी वाढवला. तासाभराने दोन्हीकडची गाणी कोणालाच ऐकू येत नाहीत, कान मात्र दोन्हीकडचे बधिर. वायफायमध्ये याहून एक वाईट गोष्ट आहे. कर्ण्याला उत्तर द्यायचे नसते. वायफायचा प्रत्येक संदेश पोचल्याची पावती मोबाइलने परत पाठवावी लागते आणि मोबाइलचा आवाज तेवढाच राहतो, दमडीने वाढत नाही. भिंतीवरचे यंत्र दूरवर ओरडेल, मोबाइलला रेघा भरलेल्या दिसतील, पण मोबाइलची पावती यंत्राला ऐकू येणार नाही. मग तोच संदेश पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. भरलेल्या रेघा आणि न उघडणारे पान यांचे एक कारण हे.

शिवाय उपयोगाचे अंतर आणि उपद्रवाचे अंतर सारखे नसते. ज्या अंतरावर पान चांगले उघडते, त्याच्या कित्येक पट अंतरापर्यंत त्या यंत्राच्या आवाजाने इतर वायफाय थांबून राहतात. आपण ताकद वाढवली म्हणजे गल्लीतली आणखी घरे आपल्या रांगेत आणून उभी केली. ती घरे आपल्यासाठी थांबतील, तसे आपणही त्यांच्यासाठी थांबू. उद्या त्यांनीही ताकदीची यंत्रे आणली की पुन्हा हेच.

नववीच्या मुलामुलींना घेऊन एका संध्याकाळी मी अभ्यासिकेत मोबाइलवर मोजणी केली. ३१ वायफायची नावे दिसली. क्रमांक ६ वर १४, १ वर ४, ११ वर केवळ २ आणि उरलेली ११ अधल्यामधल्या क्रमांकांवर. त्या ३१ मध्ये आपल्याच संस्थेची ६ नावे होती, कार्यालयाचे, पाहुण्यांचे, सभागृहाचे अशी. प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा "मी आहे, मी आहे" अशी हाक देते. जुन्या यंत्रांना कळावी म्हणून ही हाक सर्वांत मंद गतीने दिली, तर एकेका हाकेला सेकंदाचे दोन सहस्रांश लागतात. १४ नावांचा हिशेब मांडा, सेकंदातला पाव भागाहून जास्त वेळ नुसत्या हाकांत गेला. कोणी एक अक्षर वाचलेले नाही!

तेव्हा करायचे काय? आपली नावे सहाची दोन करावीत. मंद गती बंद करावी. हे यंत्राच्या मांडणीत एका खुणेचे काम आहे, पैसा लागत नाही. रुंदी चाळीसऐवजी वीसच ठेवावी. या अरुंद पट्ट्यात चाळीस घेणे म्हणजे आगगाडीच्या बाकावर आडवे होणे. यंत्रांची ताकद निम्म्याहून खाली आणावी. हे ऐकून आपणांस चमत्कारिक वाटेल, पण आपल्या इमारतीच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंती इथे वैरी नसून मित्र आहेत. प्रत्येक मोठ्या खोलीत एकेक लहान, हळू बोलणारे यंत्र ठेवले तर भिंत एकीचा आवाज दुसरीत जाऊ देत नाही आणि तोच क्रमांक पुन्हा वापरता येतो.

याहून चांगला मार्ग म्हणजे जमेल ते सारे ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेणे. ऑक्टोबर २०१८ च्या नियमांनी आपल्याकडे तो बराच मोठा झाला आहे. तिथे कोपर न लागता बसण्याच्या जागा तीन नव्हेत, वीसहून अधिक आहेत. ती लहर भिंतींत अधिक अडते, हा तिचा दोष म्हणून सांगितला जातो. दाट वस्तीत मी तो गुण समजते. जुने मोबाइल आणि दिवे-माऊस यांना खालचा पट्टा सोडून द्यावा.

आणि देणगी तारेवर खर्च करावी. होय, तांब्याच्या तारेवर. अभ्यासिकेतले बारा संगणक, कार्यालयातील संगणक, सभागृहातला पडदा आणि प्रत्येक खोलीतले लहान यंत्र, जे जागचे हलत नाही ते सगळे तारेने जोडावे. तारेतून जाणारा संदेश आकाशात कोणाची पाळी घेत नाही. एकदा भिंतीतून नळी टाकून ओढलेली तार पुष्कळ वर्षे चालते. ताकदीची यंत्रे चार-पाच वर्षांत जुनी होतात आणि गल्लीशी वैर मात्र मागे ठेवतात. देणगीदारांच्या नावाची पाटी तारेला कुठे लावायची, असा प्रश्न चिटणीसांनी मला विचारला. अभ्यासिकेच्या दारावर लावावी.

राहिले शेजारी. आपण कितीही शहाणपण केले तरी ११ घरे अधल्यामधल्या क्रमांकांवर बसून आहेत आणि १४ जण ६ वर दाटले आहेत. त्यांना आपण हुकूम देऊ शकत नाही, विनंती करू शकतो. पुष्कळ घरांत यंत्र बसवणाऱ्याने जो क्रमांक ठेवला तोच आजही आहे, घरच्यांना तो माहीतही नाही. माझी मुले गल्लीचा नकाशा करीत आहेत. समोरच्या रांगेला १, आपल्या रांगेला ११, कोपऱ्यावरच्या घरांना ६, अशी वाटणी त्यांनी सुचवली आहे. वरच्या मजल्यांचा विचार करून ती थोडी बदलावी लागेल.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता चार विद्यार्थी आणि मी घरोघरी येणार आहोत. एकेका घरी दहा मिनिटे लागतील. यंत्राच्या पोटाखाली चिकटवलेला कागद फाडला नसेल तर फार बरे, कारण आत शिरण्याची किल्ली त्यावरच छापलेली असते. ज्यांच्याकडे यंत्र लोखंडी कपाटात किंवा माशांच्या काचेच्या टाकीमागे ठेवले आहे, त्यांनी ते तेवढे आधी बाहेर काढून ठेवावे.